चिलापीला पुरून उरलेली पेलेट

वीस वर्षं मी कणकेच्या गोळीवरच गळ टाकत आलो. पण भिगवणच्या बाजूला उजनी धरणात चिलापी (तिलापिया मासा) इतकी, की सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) फिरकायच्या आत ती गोळी टोकरून गळ मोकळा करते. म्हणून यंदा बुडणारी पेलेट, म्हणजे माशांच्या खाद्याचा दाबून केलेला टणक दाणा, आणली. ८ मिलिमीटरची, मधोमध भोक, माशाच्या तेलाचा उग्र वास.

आधी घरी पेल्यात भिजवून पाहिली. पाऊण तासाने वरचा थर साबुदाण्यासारखा फुगला, आतला गाभा मात्र टणक राहिला. अगदी हेच हवं होतं! ही गळात खुपसायची नाही, फुटते. गळाच्या मागे बारीक दोऱ्याने लोंबती बांधायची. सायप्रिनस तळातलं खाणं तोंडात ओढतो, नको ते थुंकतो. त्या ओढाताणीत उघडा गळ ओठात रुततो. पहिल्याच सकाळी सव्वादोन किलोचा लागला. आधी शेंगदाण्याची पेंड चार मुठी टाकली होती, तेही सांगायला हवं.

दुसऱ्या पाकिटाने मात्र घात केला. निम्मे दाणे तरंगले. तरंगती पेलेट शेततळ्यात मासे पोसायला उत्तम, पण तळाशी चरणाऱ्या माशाला ती काय कामाची? दुकानदाराने पाकीट बदलून दिलं नाही, त्याचा राग अजून आहे. तुम्ही घेताना दुकानातच दोन दाणे पाण्यात टाकून बघा. आणि पाकीट फोडलं की लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, पावसाळी हवेत बुरशी धरते.