माझगावच्या मिस्त्रींनी करून दिलेली 'बंगाल'

'बंगाल' या जुन्या युद्धनौकेचं मॉडेल घरी येऊन सतरा दिवस झाले. रोज सकाळी काचेवरची धूळ पुसताना एकेक भाग निरखून पाहिला आणि मगच लिहायला बसले. ऑर्डर देण्याआधी मी खूप शोधलं होतं, पण जहाजांची मॉडेलं करून देणाऱ्यांबद्दल मराठीत धड काही मिळालं नाही. पुढच्याला तरी उपयोग व्हावा.

डॉकयार्ड रोड स्टेशनला उतरून दहा मिनिटं चालायचं. एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर एकच खोली आहे. दुकानाला पाटी नाही. 'जहाजवाले मिस्त्री' म्हणून विचारलं की पोरंटोरंही दाखवतात. मिस्त्री गोदीत सुतारकाम करून निवृत्त झालेत. भिंतीला टेकवलेल्या सागाच्या फळ्या, पितळी तारेची भेंडोळी आणि खिडकीत एक अर्धवट गलबत. फॅन बंद ठेवतात, भुसा उडतो म्हणून. मे महिन्यात तिथे अर्धा तास बसणं म्हणजे परीक्षाच.

मला हवी होती 'एचएमआयएस बंगाल', म्हणजे ब्रिटिश काळातल्या आपल्या नौदलाची, रॉयल इंडियन नेव्हीची नौका. माझे आजोबा हर्णैचे. त्या काळी या नौदलात रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं खूप असत, तसे तेही गेले आणि 1944 मध्ये 'बंगाल'वर चढले. आता बाबा 84 वर्षांचे आहेत. त्यांच्या खोलीत ते जहाज असावं, एवढीच माझी इच्छा.

मिस्त्रींकडे आधीपासून एक नकाशा होता, तो 'कोकण'चा. आपल्या कोकणाच्या नावाची माइनस्वीपर, म्हणजे समुद्रातले सुरुंग काढणारी नौका, होती हे ऐकून बाबा हरखले. पण ती बँगोर वर्गातली (एकाच आराखड्यावरच्या नौकांचा एक वर्ग), स्कॉटलंडमध्ये बांधलेली. 'बंगाल' बॅथर्स्ट वर्गातली. दोन्ही त्याच काळातल्या, दोन्हींचं काम एकच, म्हणून मिस्त्री म्हणाले, "ताई, याच नकाशावर करतो, कुणाला फरक कळणार नाही." मी ऐकलं नाही. बॅथर्स्ट वर्गातल्या दोन नौका ऑस्ट्रेलियात अजून जपून ठेवल्या आहेत, मेलबर्नजवळ विल्यम्सटाउनला 'कॅसलमेन' आणि वायला गावात 'वायला'. त्यांचे फोटो मी छापून नेले. माणूस हट्टी नाही, हे मला तेव्हाच कळलं. दोन दिवस फोटो पाहत बसले आणि फोनवर म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, चिमणीच वेगळी आहे."

हा वर्ग मुळात का निघाला, हे त्यांनाही ऐकायचं होतं. युद्ध तोंडावर आलेलं आणि ऑस्ट्रेलियाला आपल्याच गोद्यांत बांधता येईल असं साधं जहाज हवं होतं, बंदरांपुढचे पाणसुरुंग काढणारं आणि पाणबुड्यांवरही नजर ठेवणारं. म्हणून इंजिनही जुन्या पद्धतीचं, ट्रिपल एक्स्पान्शन, म्हणजे तीन टप्प्यांत वाफ वापरणारं. अशा 60 नौका झाल्या आणि बहुतेकांना ऑस्ट्रेलियातल्या गावांची नावं मिळाली. त्यातल्या चार आपल्या नौदलासाठी होत्या: बॉम्बे, बंगाल, मद्रास आणि पंजाब. आपल्या शहराच्या नावाची 'बॉम्बे' तर 31 मे 1942 च्या रात्री सिडनी बंदरात होती, जपानी छोट्या पाणबुड्या आत घुसल्या त्या रात्री.

'बंगाल'चं नाव निघालं की लोक एकच गोष्ट विचारतात, ती 11 नोव्हेंबर 1942 ची लढाई. 'बंगाल' ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाकडे निघाली होती, सोबत 'ऑन्डिना' हा डच टँकर. कोकोस बेटांच्या नैऋत्येला समोर दोन जपानी जहाजं आली, 'होकोकू मारू' आणि 'आइकोकू मारू'. दोन्ही दहा हजार टनांवरची, दोन्हींवर 14 सेंटिमीटरच्या तोफा. इकडे साडेसहाशे टनांची 'बंगाल' आणि तिच्यावर 12 पौंडी, म्हणजे लहानशी तोफ. 'बंगाल'चे कप्तान विल्सन यांनी टँकरला निघून जायला सांगितलं आणि स्वतः शत्रूच्या दिशेने वळले. 'होकोकू मारू'वर स्फोट झाला, ती बुडाली. गोळा 'बंगाल'चा की 'ऑन्डिना'चा, यावर वाद आहे. 'ऑन्डिना'चे कप्तान या लढाईत मारले गेले, टँकर मात्र फ्रीमँटलला परत पोहोचला. मला ही हकिगत वाचताना दर वेळी छातीत धस्स होतं.

पण आजोबांनी ती लढाई पाहिलेलीच नव्हती. ते दोन वर्षांनी चढले आणि त्यांच्या तोंडी एकच विषय असायचा, मागच्या डेकवरची तार. म्हणून मॉडेलमध्ये मला तोच डेक हवा होता आणि पहिल्या वेळी मिस्त्रींनी तिथेच चूक केली. पुढची तोफ इतकी सुरेख की नळीचं तोंडसुद्धा कोरलेलं, आणि मागे नुसता मोकळा डेक, कडेला चार पिंपं. मी म्हटलं, "मिस्त्री, ही माइनस्वीपर आहे. हिचं काम मागे चालायचं."

मग त्यांच्या बाकावर बसून आम्ही दोघांनी ते सामान कागदावर काढलं. या पद्धतीला ओरोपेसा म्हणतात. पहिल्या महायुद्धात ज्या ट्रॉलरवर ती प्रथम वापरून पाहिली, त्या बोटीचं नाव. पिछाडीला मोठी विंच, म्हणजे तार सोडायचं-ओढायचं यंत्र, तिच्या ड्रमवर गुंडाळलेली पोलादी तार. तार पाण्यात सोडायची. 'काइट' नावाची चौकट तिला जहाजाजवळ खाली दाबून धरते, लांबच्या टोकाची 'ऑटर' नावाची दुसरी चौकट तिला बाजूला ओढते आणि पाण्यावर छोट्या पाणतीरासारखा (टॉर्पेडोसारखा) एक फ्लोट झेंडा लावून चालतो, तार कुठवर गेली ते दाखवायला. नांगरलेल्या सुरुंगाची साखळी या तारेत अडकली की तारेवरचा कटर ती कापतो, सुरुंग वर येतो आणि डेकवरून गोळ्या घालून तो संपवायचा. आजोबा म्हणत, तार ओढताना तिच्या आवाजातला फरक कळायला लागला की माणूस खलाशी झाला.

दुसऱ्या वेळी गेले तर विंच तयार होती. ड्रमवर केसासारखी बारीक पितळी तार, एकेक वेढा शेजारी शेजारी नीट बसवलेला. मी मोजायला गेले आणि 31 वर सोडून दिलं. फ्लोट करड्या रंगाचा, टोकाला लाल कापडाचा झेंडा, नखाएवढा. क्रेनचा हुक खरोखर हलतो. कामाची अशी बारकाई मी आजवर कुठल्याही दुकानातल्या मॉडेलमध्ये पाहिली नाही.

आता बाकीचं. खरं जहाज 186 फूट लांब, 31 फूट रुंद. 1:100 मापाने हे 57 सेंटिमीटर भरतं, टेप लावून पाहिलं, बरोबर आहे. बाजूवरचा 'जे 243' हा क्रमांकही नीट. वेळेचं मात्र काही खरं नाही, तीन महिने सांगून पाच लावले आणि स्वतःहून एकदाही फोन केला नाही. रंग आधी चकचकीत दिला होता, युद्धनौकेला तो शोभत नाही. सांगितल्यावर घासून पुन्हा केला, जादा पैसे घेतले नाहीत. मॉडेलचे 42,000 रुपये दिले, त्यात काचेची पेटी धरलेली नाही, ती वेगळी करून घ्यावी लागते, हे आधी सांगायला हवं होतं. पॅकिंग उत्तम. टॅक्सीने परळपर्यंत आणलं, एक काठीही हलली नाही.

बाबांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी पेटी काढायला लावली आणि नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, बोट फिरवत मागे आले. तोफेवर थांबले नाहीत. विंचवर थांबले, ड्रमवरचे वेढे बोटाने चाचपत राहिले, मग विचारलं, "झेंडा लाल आहे ना गं?" त्या चाचपण्यात झेंड्याची काडी सुटली. मिस्त्रींना फोन केला तर म्हणाले, रविवारी येतो, फेविक्विक लावू नका, लाकडावर डाग पडतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. ऑर्डर द्यायला जाल तेव्हा मागच्या डेकचे फोटो सोबत न्या आणि पेटीचे पैसे आधी विचारा.