निळं पिंप: वादळाच्या दिवसांत पाणी साठवायला कितपत कामाचं?

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे खांब आडवे केले. बऱ्याच गावांत विहिरीत पाणी होतं, पण ते वर चढवायला पंप नव्हता, आणि नळपाणी योजनाही विजेवरच चालणारी. अशा वेळी घरात आधीच भरून ठेवलेलं पाणीच उपयोगी पडतं. त्यासाठी सहज मिळणाऱ्या भांड्यांत २०० लिटरचं निळं एचडीपीई (जाड, टणक प्लास्टिक) पिंप सगळ्यात उजवं आहे. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी ५ ते ६ लिटर धरले, तर पाच माणसांना ते आठवडाभर पुरतं. मात्र दिसेल ते निळं पिंप उचलू नये.

बाजारात दोन प्रकार मिळतात: वर दोन बुचं असलेलं बंद तोंडाचं, आणि झाकण-रिंगवालं पूर्ण उघड्या तोंडाचं. घ्यायचं ते उघड्या तोंडाचंच. बंद पिंपात हात जात नाही, त्यामुळे आतला बुळबुळीत थर घासून निघत नाही आणि नळ बसवताना आतला नट धरता येत नाही.

जुनं पिंप नव्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं, आणि खरा धोका तिथेच आहे. लोटे, महाड, रोहा इथल्या एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत. भंगारवाल्याकडच्या पिंपात आधी काय होतं, हे लेबल खरवडलेलं असेल तर कळायला मार्ग नाही. एचडीपीई तेलं आणि सॉल्व्हंट शोषून घेतं, ती कितीही धुतली तरी पूर्ण निघत नाहीत आणि पुढे पाण्यात उतरत राहतात. खाद्यपदार्थाचं लेबल शाबूत असेल, म्हणजे व्हिनेगर, ग्लुकोज किंवा सरबताचा पाक, तरच पिण्याच्या पाण्यासाठी विचार करा. त्यातही गरम पाणी भरून, झाकण लावून रात्रभर ठेवा आणि सकाळी उघडून वास घ्या. औषधी किंवा रॉकेलसारखा वास आला तर ते पिंप संडासाच्या आणि गुरांचा गोठा धुण्याच्या पाण्याला ठेवा. लेबलच नसेल तर वास न येणं हा पुरावा नव्हे. मग नवंच घ्या.

पिंपाला नळ येत नाही, ही मोठी उणीव. तांब्या बुडवून पाणी काढलं की हात पाण्याला लागतात आणि स्वच्छ पाणीही दोन दिवसांत खराब होतं. अर्ध्या इंची टँक निपल (पिंपाच्या भिंतीतून आरपार बसणारी, आटे आणि नट असलेली आखूड नळी), दोन रबरी वायसर आणि एक कॉक एवढ्यात काम होतं. तळापासून ५-६ सेंटिमीटर वर, सपाट भाग बघून २१-२२ मिलिमीटरचं भोक होल सॉने (ड्रिलला लावायच्या गोल करवतीने) पाडा. तापवलेल्या सळईने पाडलेलं भोक वेडंवाकडं होतं आणि तिथूनच गळती सुरू होते. एक वायसर आतून, एक बाहेरून. नट हाताने घट्ट करून पान्याने अर्धाच फेरा द्या, जास्त आवळलं तर वायसर बाहेर सरकतो. टेफ्लॉन टेप फक्त कॉकच्या आट्यांवर. गळलं तर एमसील थापत बसू नका, ते या प्लास्टिकला धरतच नाही. वायसर बदला.

भरलेलं पिंप २०० किलोंच्या वर जातं. सारवलेल्या जमिनीवर ते पावसात एका बाजूला खचतं, म्हणून जांभ्याच्या चिऱ्यांचे दोन थर पाणसळीने सपाट बसवा. तेवढ्या उंचीत नळाखाली कळशी मावते का, तेही आधीच बघा. जागा पडवीतली सावलीची असावी, कारण उन्हात शेवाळ धरतं. खाऱ्या हवेने रिंगचा बोल्ट गंजतो आणि नेमका गरजेच्या वेळी सुटत नाही. त्याला बाहेरून थोडं वंगण लावत जा.

पाणी निर्जंतुक करायला ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं, सुगंध किंवा साबण नसलेलं घरगुती ब्लीच २०० लिटरला २० मिलिलिटर घालून ढवळा आणि अर्धा तास थांबा. गढूळ पाणी आधी सुती कापडातून गाळा आणि मात्रा दुप्पट करा. उघड्या पुड्यातली टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आपल्याकडच्या दमट हवेत लवकर जोर गमावते, तिच्यावर भिस्त ठेवू नये. झाकण कायम बंद हवं. फट राहिली तर डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत डास बाहेर पडतात. वापरातलं पिंप आठवड्याला रिकामं करून, घासून कोरडं करा.

पावसाचं पाणीही यात घेता येतं. १ चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर, म्हणजे १० चौरस मीटर छपराच्या पन्हळीतून २५ मिलिमीटरच्या एका सरीत, थोडं वाया धरूनही, पिंप भरतं. पहिल्या सरीचं पाणी सोडून द्या. समुद्रकाठी वादळात छपरावर खारे तुषार बसतात, त्यामुळे तिथे जास्तच पाणी सोडावं लागतं. सिमेंटच्या पत्र्यावरचं पाणी पिऊ नका.

खाडीकाठच्या सखल घरांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वर थोडी हवा राहिली तर भरलेलं पिंपही पुरात तरंगतं. ते दोरीने पडवीच्या खांबाला दोन ठिकाणी बांधा. झाकणाचं रबर पाण्याखाली टिकेल असं धरून चालू नका. पुराचं पाणी झाकणाच्या वर चढलं असेल तर आतलं सगळं ओतून टाका.