लग्नात लेडीबग सोडण्याचे १,२०० डॉलर

अमेरिकेत घरचं लग्न ठरलं असेल आणि मंगलाष्टकं संपल्यावर अक्षतांसोबत जिवंत लेडीबग (ठिपकेवाले छोटे लाल ढालकिडे) सोडायचा बेत असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा. कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोजवळ माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, तेव्हा या एवढ्याशा गोष्टीचे आमच्याकडून १,२०० डॉलर घेतले गेले. मालाची किंमत जेमतेम ३० डॉलर होती.

हिशेब असा. ऑनलाइन विक्रेत्याने प्रत्येक पाहुण्यासाठी एक सजवलेली डबी सांगितली. डबीत १० लेडीबग, भाव ३.९५ डॉलर. २५० डब्यांचे झाले ९८७.५०. मग एका रात्रीत पोहोचवणाऱ्या कुरियरचे ८५, हाताळणीचे ६० आणि 'जिवंत पोहोचण्याची हमी' म्हणून वर ७५. एकूण १,२०७.५०. हेच किडे इथे बागेच्या सामानाच्या दुकानात मिळतात, गुलाबावरची मावा ही कीड खायला म्हणून. साधारण १,५०० किड्यांची पिशवी १०-१५ डॉलरला. आमचं काम दोन पिशव्यांत झालं असतं.

पण नुसता चढा भाव लावला म्हणून मी हे लिहीत नाहीये. लग्नात फुलंही महाग मिळतात. खरी फसवणूक होती त्या ७५ डॉलरच्या हमीत.

डब्यांवर रिबन आणि सील होतं. सोबतच्या कागदावर ठळक अक्षरांत लिहिलेलं: फ्रिजमध्ये ठेवा, सोडण्याच्या क्षणापर्यंत सील तोडू नका, नाहीतर किडे उडून जातील. आणि हमीच्या अटीत, पार खाली: माल हातात पडल्यापासून दोन तासांत प्रत्येक डबी उघडून फोटो पाठवला तरच तक्रार ग्राह्य. म्हणजे सूचना पाळली की हमी गेली, आणि हमी वापरायची तर समारंभाआधीच सगळे किडे गमवायचे. फोनवर विचारलं, तेव्हा विक्रेत्याकडच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "अटी तुम्ही मान्य केल्या होत्या." अशी अट चुकून लिहिली जात नाही. मेलेला माल खपवायलाच ती लिहिलेली असते.

शेवटचं 'सावधान' झालं, वाजंत्री सुरू झाली, सगळ्यांनी डब्या उघडल्या. कित्येक डब्यांत तीन-चारच किडे, काहींत सगळे मेलेले. जे जिवंत होते ते फ्रिजच्या गारठ्याने बधिर, डबीच्या तळाशी बसून राहिले. पोरांनी डब्या झटकल्या. हा किडा घाबरला की पायांच्या सांध्यांतून पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतो. आजीच्या शुभ्र रेशमी शालीवर त्याचे डाग पडले. थोडे किडे ऊब लागल्यावर उठले आणि भर दुपारच्या उन्हात दिसेनासे झाले. 'दुपारी सोडा, फोटो सुंदर येतात' हा सल्ला विक्रेत्याचाच. बागेत हे किडे संध्याकाळी, पाणी शिंपडलेल्या झाडांवर सोडतात, तरच ते थोडे थांबतात.

उरलेली एक डबी मी कौंटीच्या मास्टर गार्डनर केंद्रात (बागकामाचा सल्ला देणाऱ्या स्वयंसेवकांकडे) नेली. तिथल्या काकांनी काळ्या मानेवरच्या एकमेकींकडे झुकलेल्या दोन पांढऱ्या रेघा दाखवून जात ओळखली. हे किडे सिएरा नेवाडा पर्वतरांगेतल्या दऱ्यांमध्ये हिवाळ्यात हजारोंच्या थव्याने एकत्र बसतात. तिथून ते गोळा करून पोत्यांत भरतात, शीतगृहात ठेवतात आणि पुढे विकतात. 'आमच्या फार्मवर प्रेमाने वाढवलेले' असं आम्हाला विकताना सांगितलं होतं. काका म्हणाले, बाजारात येणारी ही जात जवळपास सगळी रानातून उचललेली असते, आणि तिच्याबरोबर परजीवी आणि रोगही नव्या जागी पोहोचतात. हे ऐकून मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटलं. आपल्याकडे शेतकरी ज्याला ढालकिडा म्हणून जपतो, तो आम्ही मंगलकार्यात डब्यांत मारला.

कार्ड कंपनीकडे तक्रार केल्यावर हाताळणीचे आणि हमीचे मिळून १३५ डॉलर परत मिळाले. बाकीच्या पैशांसाठी राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयात ग्राहक-तक्रार दिली आहे.

हाच विक्रेता आता ओळखीच्या एका कुटुंबाला लेडीबगऐवजी मोनार्क फुलपाखरं घ्या म्हणून गळ घालतोय. कॅलिफोर्नियात मोनार्क हाताळायलाही राज्याच्या वन्यजीव खात्याचा परवाना लागतो, आणि झर्सीस सोसायटीसारख्या कीटक-संवर्धन संस्था अशा सोडण्याला उघड विरोध करतात. त्याने यातलं एक अक्षरही त्यांना सांगितलेलं नाही. मी त्यांना आमचं बिल, अटींचा कागद आणि डब्यांचे फोटो पाठवले, आणि त्यांनी भरलेला ॲडव्हान्स लेखी परत मागितला आहे.