तामियाचं १/७०० ओ-क्लास डिस्ट्रॉयर, आणि त्याच्या खालचा समुद्र

खरं तर मला आयएनएस राजपूतचं मॉडेल करायचं होतं. १९४९ ला ब्रिटनकडून आपल्या नेव्हीकडे तीन आर-क्लास विनाशिका (डिस्ट्रॉयर; क्लास म्हणजे एकाच आराखड्याच्या बोटी) आल्या, रॉदरहॅमची राजपूत झाली, रिडाउटची रणजित आणि रेडरची राणा, त्यातली एखादी टीव्हीच्या खाली ठेवावी असं बरेच दिवस डोक्यात होतं. पण शोध शोध शोधलं तरी प्लास्टिक किट काही हाती लागेना, शेवटी त्यातल्या त्यात जवळचं म्हणून तामिया या जपानी कंपनीचं १/७०० चं, म्हणजे खऱ्या बोटीच्या सातशे पट लहान, ओ-क्लास मागवलं आणि त्यातली ऑन्स्लो नावाची ब्रिटिश बोट करायची ठरवली. बॉक्स उघडतोय तोवर पोरानं मोबाइलवर शोधून सांगितलं, बाबा ही तर १९४९ लाच पाकिस्तानला गेली, टिपू सुलतान नावानं. घ्या! म्हटलं आपण १९४२ ची करतोय रे, फाळणीला अजून पाच वर्षं आहेत.

बोटीचं आधी उरकतो. किट मस्त आहे. वॉटरलाइन सिरीजमधलं आहे, म्हणजे पाण्याखालचा भाग नसतोच, बूड सपाट. ही सिरीज १९७१ ला जपानमधल्या शिझुओकाच्या कंपन्यांनी एकत्र येऊन काढली, जहाजं आपसांत वाटून घेतली, आणि स्केल सगळ्यांचं एकच त्यामुळे कुणाचीही बोट कुणाच्याही शेजारी शोभते. खरी ऑन्स्लो साधारण १०५ मीटर, म्हणजे १/७०० ला १५ सेंटिमीटर, शाळेतली छोटी पट्टी डोळ्यांसमोर आणा. पार्ट एकमेकांत चपखल बसतात, फटी भरायची पुटी जवळपास लागलीच नाही, फक्त चिमटा चांगला पाहिजे कारण काही पार्ट मोहरीएवढे आहेत आणि आमच्या घरी फरशी मोझॅइकची आहे, पडला की गेला. रेलिंग या साइझच्या प्लास्टिक किटमध्ये नसतंच, पितळी वेगळं मिळतं, मी नाही लावलं, चाळिशीचा चष्मा लागल्यावर माणसानं काही गोष्टी सोडून द्याव्यात.

डोलकाठीच्या दोऱ्या मात्र केल्या. पार्ट तोडल्यावर जी प्लास्टिकची चौकट उरते ना, स्प्रू, ती टाकू नका. तिचा तुकडा दोन्ही हातात धरून मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर, ज्योतीत नाही हां, वर, गोल गोल फिरवायचा, मधे चकाकी येऊन तो मऊ पडला की बाजूला घेऊन एका दमात ओढायचा. केसासारखी तार निघते. पहिल्या दहा तुटल्या, अकरावी हातभर आली तेव्हा मी एवढ्या जोरात ओरडलो की आई स्वयंपाकघरातून बघायला आली, काय झालं रे म्हणून.

आता समुद्र. मला मुळात याबद्दलच लिहायचंय कारण पैसे आणि वेळ दोन्ही इथेच गेले.

पहिला प्रयत्न रेझिनचा. टू-पार्ट एपॉक्सी, म्हणजे दोन द्रव मिसळले की घट्ट होणारं पारदर्शक प्लास्टिक, ऑनलाइन घेतलं, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण अर्धी चूक माझीच होती. व्हिडिओत बघितलं की लोक ओततात आणि काचेसारखं निळंशार पाणी होतं, मीही भर जुलैत डोंबिवलीत, बाहेर धो धो पाऊस, खिडकी उघडी, असं ओतलं. एक तर ते जाड थरात स्वतःच तापतं, माझा थर जाड झाला आणि बोटीचा मागचा भाग किंचित वाकला (नशीब, ती टेस्टसाठी वापरलेली जुनी भंगार बोट होती, ऑन्स्लो नव्हे). दुसरं म्हणजे ते पातळ असल्यानं बोटीच्या कडेनं वर चढतं, सगळीकडे एक चकचकीत काठ तयार होतो, जणू बोट साखरेच्या पाकात ठेवलीय. मास्किंग टेपच्या फटीतून गळून टेबलावर आलं ते वेगळंच, त्या डागावर सध्या फुलदाणी आहे. आणि दमट हवेमुळे वर पांढुरकी चिकट साय धरली ती चार दिवसांनीही गेली नाही. लेबलवर ह्युमिडिटीबद्दल एक ओळ होती पण ती इतक्या बारीक अक्षरात की बोटीचे पार्ट त्यापेक्षा मोठे.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे आणि तो मला रेझिन फुकट गेल्यावर कळला. खोल समुद्र वरून पारदर्शक दिसतच नाही हो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची लाँच पकडलीय ना, बाहेर गेल्यावर खाली डोकावून बघा, तळ दिसतो का? नुसता रंग दिसतो आणि त्यावर आभाळाची चमक. म्हणजे आपल्याला पाणी करायचंच नाहीये, पाण्याची कातडी करायचीय. आणि त्यासाठी आर्ट शॉपमधला जाड वॉटरकलर पेपर आणि ग्लॉस जेल मीडियम (अॅक्रिलिक रंगात मिसळायचं चकचकीत घट्ट जेल), बास.

पेपर ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), कोल्ड प्रेस्ड, म्हणजे खरबरीत. तो जो त्याचा नैसर्गिक दाणा असतो तोच १/७०० ला वाऱ्यानं उठणाऱ्या बारीक लहरींसारखा दिसतो, काही करावंच लागत नाही. पेपर ओला करायचा, खाली मधे मधे थर्माकोलच्या पातळ चिपा सरकवून हलका उंचवटा द्यायचा आणि फेविकॉलनं प्लायवर चिकटवायचा. बोटीच्या आकाराची खाच आधीच कापून ठेवा म्हणजे ती मिलिमीटरभर आत बसते, नुसती वर ठेवली तर बोट पाण्यात नाही, सतरंजीवर ठेवल्यासारखी वाटते.

लाटांची उंची हा सगळ्यांचा गंडणारा विषय. ३ मीटरची लाट म्हणजे बऱ्यापैकी खवळलेला समुद्र, ती या स्केलला जेमतेम ४ मिलिमीटर होते. लोक हौसेनं दोन सेंटिमीटरचे डोंगर उभे करतात, ती झाली १४ मीटरची लाट, चार मजली बिल्डिंग.

आणि वेग. बोट पुढे जाताना मागे जो व्ही तयार होतो त्याचं गणित ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड केल्विननं मांडलंय, खोल पाण्यात प्रत्येक बाजूला साधारण साडेएकोणीस अंश, मग ते बदक असो की विनाशिका. मी प्लायवर कोनमापकानं पेन्सिलच्या रेघा मारून घेतल्या. अजून एक गंमत, बोट २५ नॉटनं (ताशी साधारण ४६ किलोमीटर) चालली असेल तर तिच्याबरोबर चालणाऱ्या लाटेची लांबी १०५-१०६ मीटर येते, म्हणजे नेमकी ऑन्स्लोएवढीच! म्हणून एक उंचवटा नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, मधे पाणी खाली दबलेलं, आणि दुसरा उंचवटा शेपटाकडे. एवढं एक केलं आणि बोट एकदम पळायलाच लागली, खरंच सांगतो, त्या रात्री मी तिला तीनदा उठून बघितलं.

रंगाला बरेच दिवस लागले. माझा सीन ३१ डिसेंबर १९४२ चा, बॅरेंट्स समुद्र, रशियाला जाणारा जेडब्ल्यू ५१बी काफिला. ऑन्स्लोवर कॅप्टन शेरब्रूक, समोर जर्मन युद्धनौका हिप्पर, आकारानं कितीतरी पट मोठी. हिप्परचे गोळे लागून शेरब्रूकच्या चेहऱ्यावर जखम झाली, एका डोळ्याची दृष्टी गेली, तरी तो जागेवरून हलला नाही, पुढे व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा शौर्याचा सर्वोच्च सन्मान मिळाला. त्या लढाईत काफिल्यातलं एकही मालवाहू जहाज बुडलं नाही. आता तिथे डिसेंबरअखेर सूर्य उगवतच नाही, दुपारी काही तास नुसता संधिप्रकाश. म्हणजे निळा रंग बादच. पेन्स ग्रे (गडद निळसर करडा रंग), त्यात थोडा सॅप ग्रीन आणि प्रशियन ब्लूचा नुसता वास, बस्स. आईनं बघितलं आणि म्हणाली, "समुद्र आहे की डांबर?" मी मनातून खूश झालो.

जेल लावायचं जुन्या चपट्या ब्रशनं, फासायचं नाही, टोचत जायचं, उभं आडवं कसंही, म्हणजे छोटी छोटी टोकं उठतात. लावल्यावर ते दुधासारखं पांढरं दिसतं, घाबरू नका (मी घाबरलो होतो, पुसणारच होतो), रात्रभरात आरपार होतं. पावसाळ्यात दोन दिवस धरा. दोन पातळ कोट द्या, एक जाड देऊ नका, आत दुधाळ राहतं. वाळल्यावर बोटीच्या मागचा पट्टा पांढऱ्या आणि फिक्या हिरवट रंगानं, कारण पंख्यानं घुसळलेल्या पाण्यात हवा असते. फेस म्हणून कापूस वापरतात बरेच जण, माझा अनुभव वाईट, म्हातारीचे केस चिकटवल्यासारखं दिसलं, सगळं उपटून काढलं आणि नाळेपाशी जेलमध्येच पांढरा कालवून टूथपिकनं ओढला.

रेटिंग द्यायचंच तर किटला साडेचार, पेपर आणि जेलला पाच, रेझिनला... टेबलाला विचारा.

एकच काम राहिलंय. अशा समुद्रावर धूळ बसली की निघत नाही, झटकायला गेलं की दोऱ्या तुटतात, म्हणून अॅक्रिलिकची पेटी करायला टाकलीय आणि पेटीवाला दर सोमवारी "शनिवारी देतो" म्हणतोय. तोवर ऑन्स्लो मिठाईच्या पारदर्शक डब्याखाली २५ नॉटनं चाललीय, वर अंजीर बर्फीचा स्टिकर आहे, अर्धाच निघाला.