आई उठताना घसरली, तेव्हाच परत फिरायला हवे होते

जर्मन शेफर्डच्या एका पिल्लापायी आजवर माझे 1,06,500 रुपये गेले आहेत. कुत्र्यांच्या धंद्यातली लबाडी मला ठाऊक नव्हती असे नाही, पण पुण्याजवळचे ते केनेल, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून पिल्ले विकण्याचे ठिकाण, स्वच्छ होते, भिंतीवर शोमधल्या ट्रॉफ्या होत्या आणि केनेल क्लबचा कागदही मिळणार होता. तो कागद वंशावळ सांगतो, खुब्याचे सांधे कसे आहेत ते सांगत नाही, हे मला फार उशिरा कळले.

पिल्लांची आई दाखवा, असे मी आवर्जून म्हटले होते. म्हणजे मी अगदीच बावळट नव्हतो. ती गुळगुळीत फरशीवर एका कुशीला कलून बसली होती. मालकाने हाक मारताच तिने पुढच्या पायांच्या जोरावर अंग ओढून घेतले, मागचे पाय बाजूला घसरले, आणि मग सशासारखे दोन्ही मागचे पाय एकदम उचलत ती आमच्याकडे आली. "काल पाय मुरगळलाय," मालक म्हणाला. मी मान डोलावली आणि 5,000 रुपये आगाऊ दिले. बाकीचे 33,000 त्याने रोख मागितले, तेही दिले. पिल्लू अवघे पंचेचाळीस दिवसांचे होते. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकण्यास कुत्र्यांच्या पैदाशीच्या आणि विक्रीच्या 2017 च्या नियमांनी बंदी आहे, हे तुम्ही तरी लक्षात ठेवा.

सातव्या महिन्यात ते पिल्लू, आमचा ब्रुनो, आईसारखाच उठू लागला. गुंगी देऊन काढलेल्या एक्स-रेला 3,200 रुपये लागले आणि निदान झाले हिप डिस्प्लेशियाचे, म्हणजे खुब्याचा सांधा खोबणीत नीट न बसण्याच्या विकाराचे. सात महिन्यांच्या औषधांना 13,300 आणि एका बाजूच्या मांडीच्या हाडाचा माथा काढण्याच्या शस्त्रक्रियेला 52,000 रुपये गेले. दुसरी बाजू अजून बाकी आहे.

मालकाने खापर माझ्यावर फोडले: तुम्ही त्याला जिने चढवले, वजन वाढू दिले. वजनाने आणि घसरड्या फरशीने हा त्रास वाढतो हे खरे, पण सांध्यातला मूळ दोष बहुतांशी आईबापांकडून येतो, आणि त्या आईची चाल त्याच्या रोज डोळ्यांपुढे होती. आईबापांचे एक्स-रे काढायला त्याला 6,400 रुपये पडले असते. आठ पिल्लांचे त्याने 3,04,000 केले. वर म्हणतो, हे परत आणा, दुसरे देतो. वर्षभर घरात वाढलेला जीव म्हणजे काय बिघडलेला मिक्सर आहे?

पोलीस ठाण्यात ही दिवाणी बाब असल्याचे सांगून, हसत, मला वाटेला लावले. पशुसंवर्धन कार्यालयाने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे बोट दाखवले. ब्रीडरची, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याची, नोंदणी जिथे व्हायला हवी त्या मंडळाला मी तीन ईमेल पाठवले. हा माणूस नोंदणीकृत आहे की नाही, एवढ्या साध्या प्रश्नाचेही उत्तर आले नाही. एका कार्यालयात तर कारकुनाने मलाच विचारले की, एवढे महागडे कुत्रे घेतलेतच कशाला. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, पण वकिलाने पहिल्यांदा पावतीच मागितली. ती माझ्याकडे नाही. रोख मागणाऱ्याकडून निदान सही घ्या, आणि दोन वर्षे पूर्ण झाल्यावर काढलेले आईबापांचे खुब्याचे एक्स-रे पाहिल्याखेरीज आगाऊ रक्कम देऊ नका.

गेल्या आठवड्यात त्याच केनेलची नवी जाहिरात आली आहे. पिल्ले सात आहेत, भाव 42,000 आहे आणि आई तीच आहे.