फॉस्फो-ईआरके: पॉलीक्लोनल घ्यावी की रॅबिट मोनोक्लोनल?

वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या फार्मसी कॉलेजात मी उंदरांच्या मेंदूवर काम करून राहिलो, आणि फॉस्फो-ईआरके (फॉस्फेट लागलेलं ईआरके नावाचं प्रोटीन) वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे मेम्ब्रेनवर प्रोटीन पट्ट्यांच्या रूपात पाहायच्या पद्धतीत, शोधायला या दोन्ही अँटीबॉडी मी स्वतः वापरल्या आहेत. पॉलीक्लोनल म्हणजे अनेक अँटीबॉडींचं मिश्रण, मोनोक्लोनल म्हणजे एकाच प्रकारची. दोन्ही सशाच्याच, त्यामुळे सेकंडरी (पहिलीला चिकटून पट्टी दाखवणारी दुसरी अँटीबॉडी) तीच चालते, तो खर्च वाढत नाही. ४२ आणि ४४ किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं एकक) दोन पट्ट्या दोन्हींत दिसतात, त्यावर वेगळं सांगायला नको.

पॉलीक्लोनल मला स्वस्त पडली आणि पहिली व्हायल खरंच छान निघाली. एकास हजार पातळ करून रात्रभर ठेवली, सकाळी पट्ट्या चकचकीत, बॅकग्राउंड जवळपास नाही. (ब्लॉकिंगला, म्हणजे मेम्ब्रेनची रिकामी जागा झाकायला, दूध वापरू नका बरं का, केसिनलाच फॉस्फेट असतं, फॉस्फोवाल्या अँटीबॉडीला बीएसएच, म्हणजे गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिनच बरं.) पीएचडीचे अर्धे ब्लॉट त्याच व्हायलवर झाले.

मंग व्हायल संपली. तोच कॅटलॉग नंबर मागवला, माल नागपूरवरून आला तेव्हा मे महिना होता, मला वाटलं उन्हानं खराब झाली असेल, पण बर्फ शाबूत होता. लॉट (कंपनीनं एका वेळी बनवलेला माल) मात्र नवीन होता. तेच लायसेट (पेशी फोडून काढलेलं द्रावण), तेच डायल्युशन, आणि ४४ ची पट्टी पुसट, वर पन्नास-साठच्या मधात एक जाड पट्टा जो आधी कधीच नव्हता. एकास पाचशे करून पाहिलं, ब्लॉकिंग बदललं, ट्रान्सफर बदलला, पट्टा काही हटला नाही. आता जुने अर्धे सॅम्पल एका लॉटवर आणि उरलेले दुसऱ्यावर, त्यांची डेन्सिटोमेट्री (पट्टीच्या गडदपणाचं मोजमाप) एका ग्राफात कशी टाकायची? सगळं परत रन करावं लागलं, आणि काही सॅम्पलचं लायसेट उरलंच नव्हतं. तेवढ्यासाठी परत उंदीर मारायचे, परत एथिक्स कमिटीची परवानगी मागायची, हे मला फार लागलं, कारण तो जीव वाया गेला असं वाटत राहतं.

कारण तसं सरळ आहे, पॉलीक्लोनल सशाच्या रक्तातून निघते आणि दुसऱ्या सशाचं रक्त काही तेच नसतं. रिकॉम्बिनंट मोनोक्लोनलमधी (माझी रॅबिट मोनोक्लोनल अशीच) अँटीबॉडीचा जीन हातात असतो, पेशीत तीच घडवतात, म्हणून लॉट बदलला तरी फरक कमी पडतो. मी तीन लॉट वापरले, पट्ट्या जागच्या जागी. सिग्नल पॉलीक्लोनलच्या पहिल्या व्हायलइतका जोरदार नाही हे मान्य, एक्स्पोजर थोडं जास्त द्यावं लागतं.

आता माझा अनुभव मोजक्या व्हायलींचा आहे, दुसऱ्याला उलटंही आलं असेल. एम.फार्मचं चार-सहा महिन्यांचं काम असेल, एका व्हायलमधी भागत असेल, तर पॉलीक्लोनल घ्यायला हरकत नाही, फक्त ऑर्डर देतानाच त्याच लॉटची दुसरी व्हायल मिळते का ते विचारून घ्या. पण काम दोन-तीन वर्षं चालणार असेल तर मी तरी मोनोक्लोनलच घेईन, पैसे थोडे जास्त जाऊ द्या. आणि कोणतीही घ्या, सुरुवातीलाच अनेक सॅम्पल एकत्र करून केलेलं एक मोठं लायसेट छोट्या-छोट्या ट्यूबांत वजा ऐंशी डिग्रीला ठेवून द्या, प्रत्येक ब्लॉटवर एक लेन त्याची, म्हणजे नवीन लॉट आला की पहिल्याच मेम्ब्रेनवर कळतं.