जुनी ट्यूबलेस चाकं घेताना रिमची कड आतून चाचपा, माझे अठरा हजार गेले

आमची सायकल दोघांची, टँडेम. पुढे मी, मागे धाकटा भाऊ. त्याला दिसत नाही, पण पायात दम माझ्यापेक्षा जास्त. रविवारी सातारा ते कास ठरलेलं. चढ काय, दमत-दमत चढतो. पण यवतेश्वरचा घाट उतरताना आम्ही दोघं आणि सायकल मिळून 165 किलो खाली सुटतात, तेव्हा सगळा भरवसा टायरवर.

जुनी चाकं बदलायची होती. ऑनलाइन जाहिरात दिसली: '36 तारा, टँडेमवर वापरलेली, हुकवाली रिम, 100 पीएसआय बिनधास्त.' विकणारा 28 मिमीचे ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेले, टायर चढवूनच देणार होता. टायर चढवलेले, म्हणजे रिमची आतली कड फोटोत दिसणारच नाही, हे मला आत्ता सुचतंय. "साहेब, आज नाही घेतलीत तर उद्या दुसऱ्याला जातायत." टाकले पैसे.

पार्सल आलं त्या संध्याकाळी 90 पीएसआय दाबाने हवा भरली आणि चहाला आत गेलो. वीस मिनिटांत अंगणात असा आवाज झाला की शेजारच्या काकूंनी वरून विचारलं, "सिलिंडर गेला का रे?" मागचा टायर रिमवरून निसटला होता आणि तुळशीवर टायरमधलं पांढरं सीलंट (भोकं बुजवणारा द्रव) ओघळत होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही घाटात असणार होतो.

भावाने रिम मांडीवर घेतली, कडेच्या आतून अंगठा फिरवला. "दादा, याला ओठच नाही. आपल्या जुन्याला आहे." खरंच, कड सरळ भिंतीसारखी. टायरची कड अडकायला हूक नाहीच. मग लक्ष गेलं रिमवरच्या चकचकीत स्टिकरकडे. नखाने उचकटला, तर खाली छापलेलं: हुकलेस, कमाल 5 बार. म्हणजे साधारण 72 पीएसआय. टायरवर 100 लिहिलेलं असलं तरी रिम आणि टायर यातला कमी आकडा धरायचा असतो. आमच्या वजनाला 28 च्या टायरमध्ये 72 पुरत नाही, खड्ड्यात रिम आपटणार. जास्त भरावं तर टायर उडणार. मुळात ही जोडी आमच्यासाठी नव्हतीच, आणि विकणाऱ्याला ते ठाऊक होतं. उगाच कोण स्टिकर चिकटवतं?

फोन केला तर, "हवा तुम्ही जास्त भरलीत." नंतर नंबर ब्लॉक. जाहिरातही गायब, आणि स्क्रीनशॉट मी काढलाच नव्हता. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून नाहीत. तुम्ही पैसे टाकायच्या आधी जाहिरातीचा आणि टायर उतरवलेल्या रिमचा, आतल्या कडेसकट, फोटो मागून ठेवा. टाळाटाळ केली की सोडून द्या.

आता इथल्याच दुकानातून घेतली. 36 तारा, हुकवाली रिम, 35 मिमीचे टायर, हवा 60. दुकानदाराने मोकळी रिम भावाच्या हातात दिली. भावाने पूर्ण गोल अंगठा फिरवला आणि मगच म्हणाला, "चढव."